बिबळ्याची साक्ष

फार पूर्वी कुसुमावती नगरीत चंद्रकेतू राजा राज्य करीत होता. तेव्हा बोधिसत्त्व एका अमात्याच्या घरी जन्माला आला होता. तक्षशिलेला जाऊन तो सगळ्या विद्या शिकला, पण त्याचे मन रमले लाकडात. कोणतेही लाकूड हाती दिले की तो ते हुंगायचा, नखाने खरवडायचा, हातावर तोलायचा आणि मगच तोंड उघडायचा. तो परत आल्यावर राजाने त्याला लाकडे पारखण्याच्या कामावर नेमले. लोक त्याला दारुमित्र म्हणू लागले. दारु म्हणजे लाकूड बरे, भलता अर्थ कुणी घेऊ नये!

त्या राज्यात एक कडक कायदा होता. नगराबाहेर राजाच्या आजोबांनी राखलेले रक्तचंदनाचे वन होते. तिथलेच काय, राज्यात कुठेही उगवलेले रक्तचंदन राजाचे, आणि त्याला कुऱ्हाड लावील त्याचा उजवा हात तोडायचा. रक्तचंदन ओळखायचे कसे, तर त्याची रीत अगदी सोपी होती. घाव घातल्यावर ज्या झाडातून रक्त येते ते रक्तचंदन. वनपालापासून गुराख्यापर्यंत सगळे हेच सांगत. सगळेच सांगतात म्हटल्यावर विचारणार कोण?

एके दिवशी शूरदत्त नावाच्या वनपालाने सुदास या मृदंग करणाऱ्या कारागिराला बांधून दरबारात आणले. मागून गाडीवर एक ओंडका आला. त्याच्या कापलेल्या तोंडातून लाल चीक ओघळत होता.

सुदास हात जोडून म्हणाला, "महाराज, माझ्याच बांधावरचं झाड. मृदंगाला खोड चांगलं म्हणून तोडलं. रक्त दिसताच कुऱ्हाड टाकली, पण ते पाझरेतोवर झाड आडवं झालं होतं. हात गेला तर मी वाजवू काय आणि घडवू काय?"

राजा बोधिसत्त्वाकडे वळून म्हणाला, "दारुमित्र, रीत म्हणून एकदा पाहून घ्या आणि निकाल द्या. महामात्याची जागा रिकामी आहे. ती आम्ही तुमच्यासाठीच ठेवली आहे."

बोधिसत्त्वाने ओंडका हुंगला. मग तासणीने आतला गाभा खरवडला. तो लाल नव्हता, पिवळसर तपकिरी होता, आणि ओल्या भुशाने त्याची बोटे पिवळी झाली. ते पाहून त्याला मनातून हायसे वाटले.

"हे रक्तचंदन नाही," तो म्हणाला.

शूरदत्त उसळला. "नाही कसे? आम्ही नदीत टाकून पाहिले, दगडासारखे बुडाले! रक्तचंदन बुडते हे शेंबडे पोरही सांगेल."

"ताजे लाकूड पाण्याने भरलेले असते, वनपाल. ते बुडाले म्हणून त्याची जात कळत नाही."

"मग महाराजांचे सिंहासन पाहा! आपल्याच वनातले आहे. रेषा तीच, वास तोच, रंग तोच. हे रक्तचंदन नसेल तर तेही नाही!"

सगळा दरबार सिंहासनाकडे पाहू लागला. त्या सिंहासनाचे शेजारच्या राजांनी तोंड भरून कौतुक केले होते, आणि चंद्रकेतू त्याच्यावरच बसला होता. आता सुदासाचा हात वाचवायचा तर राजाच्या बैठकीलाच हात घालावा लागणार होता. गप्प बसले तर महामात्यपद घरी चालत येणार होते. बोधिसत्त्वाला हे सगळे दिसत होते, पण त्याचा आवाज जराही कापला नाही.

"वनपाल बरोबर बोलतात. दोन्ही एकत्रच पारखू," तो म्हणाला.

सिंहासन घडवताना उरलेला वाळका तुकडा कोठारातून आणवला. राजवैद्यांकडून रक्तचंदनाचे खोड मागवले. वैद्य ते दक्षिणेच्या व्यापाऱ्यांकडून घेत असत.

"राजाचे एवढे वन असताना तुम्ही विकत का घेता?" बोधिसत्त्वाने विचारले.

वैद्य चाचरत म्हणाले, "इथल्याचा लेप सुजेला गुण देत नाही. म्हटलं, माझंच काही चुकत असेल."

वैद्यांचा वाळका तुकडा पाण्यात टाकताच तळाला गेला. सहाणेवर उगाळला तेव्हा लालभडक गंध निघाले. सिंहासनाचा तुकडा मात्र पाण्यावर तरंगला. मग त्या तुकड्याचा आणि ओंडक्याचा भुसा दोन वाट्यांत भिजवून वाट्या उन्हात ठेवल्या. थोड्या वेळाने दोन्ही वाट्यांतले पाणी पिवळे झाले, आणि त्यावर मोराच्या मानेसारखी निळी झाक चमकू लागली.

"महाराज, हे लाकूड बिबळ्याच्या झाडाचे," बोधिसत्त्व म्हणाला. "घाव घातला की यातूनही लाल चीक येतो. सुदासाचे झाड बिबळ्याचे, आपले सिंहासन बिबळ्याचे. तीच रीत लावून राखले असेल, तर आजोबांचे वनही बिबळ्याचेच."

राजाचा चेहरा उतरला. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. तो सुदासाचा बाप होता. त्याने खांद्यावरचे उपरणे बाजूला केले. उजवा हात मनगटापासून नव्हता.

"मग मी तरुणपणी तोडलं ते झाड कसलं?" त्याने विचारले.

"त्यातून लाल चीक आला होता? आणि हाताला भुसा पिवळा लागला होता?"

"लागला होता. हात होता तोवर."

बोधिसत्त्वाने हात जोडले. "तोही बिबळाच, बाबा."

राजा सिंहासनावरून खाली उतरला. शरमेने आणि संतापाने तो ओरडला, "या वनपालाने आम्हाला पापात पाडले! त्याचाच हात तोडा!"

म्हातारा शूरदत्ताच्या आणि सेवकांच्या मध्ये उभा राहिला. "नको, महाराज. आपण ऐकलं तेच त्यानं ऐकलं. एका हातानं जगणं काय असतं ते मला विचारा. आता कुणाचाच तोडू नका."

त्याच दिवशी राजाने तो कायदा मोडला. महामात्यपदाची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही, आणि बोधिसत्त्वानेही ती विचारली नाही.

ऐकीव गोष्टीवरून सोबत्याला चोर ठरवणाऱ्या एका भिक्षूला ही पूर्वजन्मीची कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा वनपाल तू होतास, आणि ज्याला तू आज चोर म्हटलेस तो सुदास होता. तुला वाचवणारा थोटा म्हातारा म्हणजे माझा शिष्य आनंद, आणि दारुमित्र तर मीच. पारखल्यावाचून निवाडा न करणे, आणि पारखल्यावर लाभासाठी गप्प न बसणे, ही प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची पूर्णता होय."

भिक्षू उठला आणि सोबत्याची क्षमा मागायला गेला.