आवडूची टाच

आडखारच्या बांधावर प्रथमच आलेल्या पाहुण्यास येथील माणसांची चाल विचित्र वाटते. डोक्यावर गवताचा भारा असो वा पाठीवर शाळेचे दप्तर, चालता चालता ती मध्येच वाकतात, चिखलाचा गोळा उचलून बांधाच्या कुशीत बसवतात आणि उजव्या टाचेने तो घट्ट दाबून पुढे निघतात. या दाबण्यास ‘आवडूची टाच’ म्हणतात. पाहुण्याने कारण विचारले, की गावातील जाणती माणसे आधी त्यालाही एक गोळा दाबायला लावतात आणि मगच सांगू लागतात.

फार पूर्वी, म्हणे, हा बांध घराघरांत वाटलेला होता. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि मध्ये मातीची ही भिंत. ज्याचे शेत जेथे, तेथला बांध त्याने राखायचा. नियम कडक होता. ज्याच्या वाट्यातून खारे पाणी आत शिरेल, त्याचे शेत काढून घ्यायचे आणि ज्याने ते पाणी अडवले, त्याला द्यायचे. नियम कडक असला, तरी राखण सैल होती. शिमगा झाला, की सारा गाव ढोल वाजवीत बांधावर जाई, मातीचे थर चढवी, कोंबडा देई, जेवणावळ उठवी आणि मग वर्षभर बांधाकडे पाठ फिरवी.

आवडू ऐन तारुण्यात विधवा झाली. तिच्या वाट्याला आले एक चिंचोळे शेत आणि बांधाचे ते वळण, जेथे खाडीची धार थेट आदळते. वळण फुटले असते, तर शेत गेले असते आणि शेत गेले असते, तर सासरी तिला उभे राहण्यापुरतीही जागा उरली नसती.

बांध वरून फुटत नाही, हे तिने पाहिले. कुर्ल्या, म्हणजे खाडीतले खेकडे, खालून बिळे पाडतात आणि उधाणाचे पाणी त्याच वाटेने घुसते. म्हणून ती रोज सुकतीला, म्हणजे ओहोटीच्या वेळी, बांधावर जाऊ लागली. दिसेल ते बीळ चिकणमातीने भरायचे आणि टाचेने दाबायचे, एवढेच काम. सुकतीची वेळ रोज पुढे सरकते. तिच्याबरोबर आवडूचा सारा दिवसही सरके. चुलीवर भात असला, तर ती विस्तव ओढून निघे. ताप असला, तर कांबळे पांघरून निघे. कंटाळा आला, तर आधी बांधावर जाऊन येई आणि मग कंटाळा करी, असे सांगतात.

तिची जाऊ भागीरथी दारातून विचारी, “काय गो आवडू, आज किती कुर्ल्यो बेघर केलंस?”

“त्यांका सांग, आख्खी खाडी मोकळी आसा,” आवडू न थांबता म्हणे.

वळणापर्यंत जाताना इतरांचे वाटे ओलांडावे लागत. तेथे बीळ दिसले, तर तेही ती दाबून पुढे जाई. कोणाचे आहे, हे पाहत नसे. अपवाद एकच. वळणाला लागून पलीकडचा वाटा गावाचे मानकरी बाळोजी राऊळ यांचा होता. सर्वांत उंच, सर्वांत रुंद. एकदा ती तेथे वाकली, तेव्हा राऊळ गरजले, “माझ्या बांधाक हात लावू नको! राऊळाचो बांध आवडून लिंपलो, असा गावान म्हणूचा काय?”

आवडू सरळ झाली आणि माघारी वळली. त्या दिवसापासून राऊळांच्या कुर्ल्यांना कोणाचे भय उरले नाही.

भाद्रपदातील अमावास्या आली. भात पोटरीवर, लोंब्या फुटण्याच्या बेतात होते. भर दुपारी असे उधाण चढले, की पाणी बांधाच्या माथ्याला टेकले. वळणाने मार खाल्ला, ढळले नाही. एवढ्यात राऊळांच्या शेतात पाण्याचा उमाळा फुटला. पुरुषांनी धावत जाऊन वर माती ओतायला आरंभ केला. आवडूने उमाळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते गढूळ होते. बांध आतून वाहून चालला होता.

“वर कित्याक टाकतास? पाणी खालसून जाता! आधी तोंड शोधूक होया!”

ती खाडीच्या अंगाने उतरली, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि तळपायाने बांध चाचपू लागली. हजारदा केलेले ते काम पायाला पाठ होते. एके ठिकाणी पाण्याने पाय ओढला.

“हयसर! पेंढो दिया!”

हुकूम कोणाचा, हे कोणी विचारले नाही. माणसांची रांग लागली, हातोहात पेंढा आला, चिखल आला. तिच्या हाती गोळे देणारा शेवटचा हात स्वतः राऊळांचा होता. भरती ओसरेपर्यंत आवडू त्या तोंडावर टाच रोवून उभी राहिली. आतला उमाळा आधी निवळला, मग आटला.

संध्याकाळी गाव देवळापुढे जमला. नियम सर्वांना ठाऊक होता, राऊळांनाही. त्यांनी डोक्यावरचे मुंडासे उतरवून आवडूपुढे ठेवले आणि म्हणाले, “शेत तुझा.”

“घे गो, घे!” भागीरथी मागून कुजबुजली.

गावातले सर्वांत मोठे शेत एका शब्दाच्या अंतरावर होते. आवडूने मुंडासे उचलले आणि राऊळांच्या हाती परत दिले.

“शेत माका नको, राऊळानु. उद्या सुकतीक बांधार येवा.”

राऊळ सुकतीला बांधावर गेले. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. मानकरी चिखलात उतरलेला पाहून घरोघरची माणसे निघाली. वाटे मोडले, जुना नियमही मोडला आणि संपूर्ण बांध साऱ्यांचा झाला. पुढच्या शिमग्याला ‘बांधाचा नाईक’, म्हणजे बांधाच्या राखणीचा प्रमुख, नेमण्याची वेळ आली, तेव्हा राऊळांनीच आवडूचे नाव पुकारले. त्या मानाच्या जागी बसलेली ती पहिली स्त्री.

आजही आडखारात नाईक निवडताना कोणाची जमीन मोजत नाहीत, कोणाचे भाषण ऐकत नाहीत. शिमग्याच्या पंगतीत सर्वांत वयोवृद्ध व्यक्ती उभी राहते आणि एकच प्रश्न विचारते, “सुकतीक रोज कोण येता?” आपले नाव आपण सांगायचे नसते. सारा गाव एका आवाजात एकच नाव घेतो.