बांड्या अंग टेकतो तेव्हा

अश्मक देशात गोदावरीच्या काठी पोतली नावाची नगरी होती. तिथे सुबाहू राजाची सत्ता चालत होती त्या काळी बोधिसत्त्व कुत्र्याच्या जन्माला आला आणि नगरीबाहेर एका गाडीवानाच्या अंगणात वाढला. अंगावर पांढरे-तांबडे पट्टे होते, म्हणून घरचे त्याला बांड्या म्हणत.

गाडीवानाचे नाव नंदक. व्यापाऱ्यांचा तांडा निघाला की तो आपली बैलगाडी घेऊन त्यांच्याबरोबर जाई आणि महिनोन्‌महिने परतत नसे. मागे घरात त्याची आई सुमना, बायको वेणा आणि एक तान्हे मूल. बारसे बाप आल्यावर करायचे होते, म्हणून सगळे त्याला नुसते बाळ म्हणत.

वेणाचे ते पहिलेच मूल. दिवस कामात जाई, पण रात्री तिला झोप येत नसे. बाळ रडले की का रडले म्हणून ती घाबरे, आणि शांत निजले की इतके शांत का म्हणून उठून त्याच्या नाकाशी बोट धरी. बोटाला श्वास लागला की आडवी होई. पाठ टेकते न टेकते तोच वाटे, मघाशी लागला तो श्वासच होता ना, की वारा होता? पुन्हा उठे.

बांड्याची रात्रीची रीत मात्र ठरलेली होती. संध्याकाळचा भाकरतुकडा खाल्ला की तो फेरीला निघे. आधी शेळ्यांच्या खोपीशी जाई. मग कडब्याच्या गंजीमागे नाक घाली, कारण तिथे साप येत असत. मग बाभळीच्या काट्यांच्या कुंपणाला लागून चालत राही आणि जिथे काटे विरळ झाले असतील तिथे थांबे. शेवटी वाऱ्याकडे तोंड करून उभा राही. सगळे हुंगून झाले की डोणीतले पाणी पिई, आपल्या जागेवरची माती उकरी, स्वतःभोवती गरगर फिरे आणि धपकन अंग टेकी. टेकल्यावर नाकातून एक लांब सुस्कारा सोडी. थंडीत तो नाक शेपटीखाली खुपसून वेटोळे करी, उन्हाळ्यात चारी पाय पसरून गार मातीला पोट लावी. थोड्या वेळाने झोपेतच त्याचे पाय हलू लागत, जणू कुठे पळतो आहे, आणि तोंडातल्या तोंडात तो बारीक भुंके.

जागरणामुळे वेणाला हे सगळे पाठ झाले होते. एकदा तिच्या ध्यानात आले की बांड्याने तो सुस्कारा सोडला की आपलाही श्वास मोकळा होतो. तिने मनाशी म्हटले, याने सगळीकडे जाऊन पाहिले, कुठे काही असते तर हा निजला असता का? त्या रात्री ती बाळाला कुशीत घेऊन निजली ती बाळाने दुधाला उठवले तेव्हाच जागी झाली. पुढे तेच वळण पडले. बांड्याची फेरी होईपर्यंत ती दारात बसून राही. त्याने अंग टेकले की हीही टेकी.

सुमनाबाईच्या जिभेला धार होती. ती शेजारणीला सांगे की आमच्या सुनेला झोपायला ना नवऱ्याने शिकवलं ना सासूने, शेवटी कुत्र्याने शिकवलं. वेणा ऐके आणि हसे. झोप मिळत होती, अंगावर दूध होते, बाळ बाळसे धरत होते. मग कोणी काही का म्हणेना.

बोधिसत्त्वाला हे उमगले होते. तो मनात म्हणे, ही बाई माझ्या टेकण्याकडे पाहून डोळे मिटते. मला तिची भाषा बोलता येत नाही, तेव्हा माझे टेकणे हेच माझे बोलणे झाले. ते कधी खोटे होऊ नये. म्हणून पायात काटा मोडला असो, पावसाची झड असो, पोट रिकामे असो, फेरी पुरी झाल्याखेरीज तो कधी अंग टेकीत नसे.

पुढे उन्हाळा आला. घरात उकडून जीव नको होई. बाळाच्या मानेवर घामोळे उठले आणि सुमनाबाईला आत दम कोंडल्यासारखे होऊ लागले. म्हणून बाज अंगणात आली. बाजेवर वेणा आणि बाळ, शेजारी खाली वाकळेवर सुमनाबाई, आणि थोड्या अंतरावर बांड्या.

एका संध्याकाळी बांड्या फेरीवर असताना कुंपणापलीकडून त्याला उग्र वास आला. काट्यांच्या फटीतून दोन डोळे दिसले. ती लांडगीण होती. पुढचा एक पाय तिने उचलून धरला होता.

ती हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊ, तुझ्या बरगड्या दिसतात रे."

"तुझ्याही दिसतात, ताई," बोधिसत्त्व म्हणाला.

तिने आपली कहाणी सांगितली. पाय सापळ्यात सापडून दुखावला होता. हरणामागे धावणे आता जमत नव्हते, आणि ओढ्याच्या कपारीत पिल्ले उपाशी होती. बाजेवरचे ते लहान तेवढे तिला हवे होते. बाई जागी असली तर हाकाटी करील, लोक धावतील. ती झोपली की काम सोपे होते. पाय बरा झाला की या घरच्या शेळीला आयुष्यात दात लावणार नाही, आणि प्रत्येक शिकारीतला वाटा बांड्यासाठी ओढ्याकाठी ठेवीन, असे तिने कबूल केले.

"तुला काही करायचं नाही," ती म्हणाली. "भुंकू नकोस असंही मी म्हणत नाही. तू फक्त रोजच्यासारखा नीज. तुला झोप येतेच ना? मग यात खोटं काय?"

बोधिसत्त्वाला खरोखरच भूक होती आणि खरोखरच झोप आली होती.

मग तो म्हणाला, "ताई, माझ्या झोपेवर ती बाई झोपते. तू इथे आहेस हे ठाऊक असताना मी टेकलो, तर ते माझं पहिलं खोटं होईल, आणि ते त्या बाळाला भोगावं लागेल."

"बघू किती दिवस उभा राहतोस," लांडगीण म्हणाली आणि झुडपात शिरली.

त्या रात्री बांड्याने अंग टेकले नाही. तो कुंपणाकडे तोंड करून भुंकला. वेणा उठली, सुमनाबाईने काठी घेतली, दोघींनी दिवा धरून पाहिले, तर बाहेर काही दिसले नाही. लांडगीण उजेडापलीकडे झुडपात दबून बसली होती. दिवा मागे फिरला. बांड्या उभाच राहिला, आणि तो उभा म्हणून वेणा बाळाला छातीशी धरून बसून राहिली.

दुसऱ्या रात्रीही तेच. दिवसा ऊन असे, माणसांचा राबता असे, तेव्हा तो सावलीला डुलकी काढी. वेणाला मात्र दिवसाही निजता येत नव्हते. तिचे दूध कमी झाले. बाळ ओढून ओढून रडू लागले. सुमनाबाईने शेळीच्या दुधात कापूस भिजवून त्याच्या तोंडात पिळला, आणि मग ती बांड्यावर उलटली. कुत्रे पिसाळायच्या आधी असेच करते, झोप उडते, रिकाम्या जागी भुंकते, असे तिने ऐकले होते. शेळ्या न्यायला गुराखी आला तेव्हा तिने त्याला बांड्याचे तोंड पाहायला लावले. तोंडाला फेस नव्हता. तरी तान्हे पोर असलेल्या घरात असले कुत्रे ठेवू नये, उद्या सकाळी मी याला नदीपार सोडून येतो, असे तो सांगून गेला.

तिसऱ्या दिवशी सूर्य मावळल्यावर वेणा बांड्यापुढे उकिडवी बसली. तिच्या डोळ्यांखाली काळे झाले होते.

"नीज ना रे बाबा," ती म्हणाली. "एवढी एक रात्र नीज. म्हणजे तुला कोणी नेणार नाही. मलाही डोळा लागेल रे."

बोधिसत्त्वाचे पुढचे पाय वाकले. आपण टेकलो तर ही निजेल, तिला दूध येईल, आपले घर आपल्याला राहील, हे सगळे त्याला कळत होते. पण कुंपणापलीकडचा तो उग्र वास तसाच होता. त्याने पाय पुन्हा ताठ केले. तो विचार करू लागला, इथे माझे टेकणे खोटे ठरेल. मग ते खरे ठरेल अशी जागा कुठली?

अशी एक जागा होती, पण तिथे जायची त्याला बंदी होती. कुत्र्याने उंबरा ओलांडायचा नाही, हा सुमनाबाईचा नियम. आजवर भर पावसातही तो वळचणीखाली बसला होता, आत गेला नव्हता.

बांड्या वळला, अंगण ओलांडून गेला आणि उंबऱ्याच्या आत पाय टाकला.

सुमनाबाई केरसुणी घेऊन धावली. बांड्या चुलीशी गेला, हुंगला. कणगीमागे गेला, हुंगला. भिंतीला लागून त्याने सारे घर फिरून पाहिले आणि केरसुणीचे तडाखे पाठीवर बसत असताना मधोमध जमीन उकरली, गरगर फिरला आणि धपकन अंग टेकले. मग नेहमीचा तो लांब सुस्कारा सोडला.

सुमनाबाई आणखी मारणार, तोच वेणाने तिचा हात धरला. आजवर तिने सासूच्या अंगाला असा हात लावला नव्हता.

"आत्याबाई, थांबा. निजला तो."

"निजला म्हणजे? माझ्या घरात निजला."

"तेच म्हणते मी. बाहेर दोन रात्री निजला नाही, आत येऊन निजला. बाहेर काहीतरी आहे, आत्याबाई. आपल्याला दिसत नाही, त्याला दिसतंय."

सुमनाबाईने कपाळाला हात लावला. कुत्रे पिसाळले ते पिसाळले, आता सूनही त्याच वाटेने निघाली, असे ती पुटपुटली. वेणाने बाळाला उचलून आत आणले, दुपट्याची घडी करून कणगीशेजारी त्याला निजवले आणि झरोका उघडला.

"मी उकाड्यात मरायला आत येणार नाही," सुमनाबाई म्हणाली आणि अंगणातल्या वाकळेवर जाऊन पडली.

तेव्हा बांड्या उठला. तो उंबऱ्याशी गेला आणि बाहेर वाकळेकडे पाहत उभा राहिला. वेणा त्याच्यामागे आली. एकदा त्याच्याकडे आणि एकदा सासूकडे तिने पाहिले.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुम्ही बाहेर आहात ना, म्हणून हा निजत नाही. बघा तरी. तो तुम्हालाही मोजतोय."

सुमनाबाईने मान वळवली. ज्याच्या पाठीवर तिने आताच केरसुणी मोडली होती, तो कुत्रा दारात उभा राहून तिच्याकडे टक लावून पाहत होता. शेपटी हलवीत नव्हता, लाडीगोडी करीत नव्हता, नुसता उभा होता. मग वाकळ गुंडाळून, एवढं टक लावून बघायला मी काय चंद्र आहे का, असे कुरकुरत आत आली. वेणाने दाराला अडसर लावला. बांड्याने पुन्हा माती उकरली, पुन्हा गरगर फिरला, टेकला. त्याच्या सुस्काऱ्याबरोबर वेणाही आडवी झाली. बाळाच्या नाकाशी बोट धरायचे त्या रात्री ती विसरली.

मध्यरात्री अंगणात नखे वाजली. लांडगीण बाजेपर्यंत आली, रिकामी बाज हुंगली, रागाने तिच्या विणीचे सुंभ तोडले आणि दाराशी येऊन उभी राहिली. आत बोधिसत्त्व पडूनच होता. त्याचा एक कान तेवढा वर झाला.

"जिंकलास," ती फटीतून म्हणाली. "माझ्या पिल्लांचं काय?"

"उत्तरेच्या वेशीबाहेर खाटकांची जागा आहे," बोधिसत्त्व हळूच म्हणाला. "आतडी, खूर, सगळं तिथे पडतं. आज रात्रीच जा."

"तिथली कुत्री मला फाडतील."

"ती माझ्या मावशीची पोरं आहेत. बांड्याने पाठवलंय म्हणावं. आधी भुंकतील, मग सरकून जागा देतील. आमच्याकडे पाहुण्याला असंच घेतात."

लांडगीण लंगडत निघून गेली. पाय बरा होईपर्यंत ती पिल्लांसह तिथल्या उरल्यासुरल्यावर जगली, आणि त्या अंगणात पुन्हा आली नाही.

सकाळी सुमनाबाई आधी उठली. अंगणात तुटलेले सुंभ आणि दारापर्यंत आलेली पावले तिने पाहिली. एक पाऊल अर्धेच उमटले होते. तिने बाळाच्या जागेकडे पाहिले, मग वाकळ पसरली होती तिथल्या मातीकडे पाहिले. थोड्या वेळाने गुराखी दोरी घेऊन आला. तिने ओठांवर बोट ठेवून त्याला पावले दाखवली आणि परत पाठवले. सून निजली होती, उन्हे दारात आली तरी निजली होती. बाळ चुळबुळले तेव्हा सुमनाबाईने त्याला अलगद उचलले आणि वेणाला उठवले नाही. मग एक जाडसर गोणपाट झटकून तिने उंबऱ्याच्या आत, दाराच्या कडेला अंथरले.

पावसाच्या तोंडाशी नंदक परत आला. आत पाऊल टाकताच तो कुत्र्याला अडखळला. याला घरात कोणी घेतलं, असे त्याने विचारले.

"तो त्याच्या जागेवर निजलाय," आई म्हणाली. "हळू चाल."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, एका विहारात सांगितली. ऐकणाऱ्यांत एक तरुण उपासिका होती. मांडीवर मूल घेऊन ती रोज येई, आणि प्रवचन चालू असताना मुलाच्या नाकाशी सारखे बोट धरी. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची सुमनाबाई म्हणजे आपल्या विहाराचे अंगण झाडणारी ही वृद्ध भिक्षुणी. केरसुणी अजून तिच्या हाती आहे, पण आता ती मुंगीही बाजूला सारून झाडते. ती लांडगीण म्हणजे मुलांना घेऊन दारात बसते ती लंगडी बाई. आज तिला भिक्षेतला वाटा आधी द्या. तो कुत्रा मीच होतो. आणि ती वेणा म्हणजे ही उपासिका."

सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिले. ती खांबाला टेकून गाढ झोपली होती. मूलही झोपले होते.

एक भिक्षू तिला उठवायला निघाला. शास्त्यांनी हाताने त्याला थांबवले आणि आवाज उतरवून म्हणाले, "झोपू दे. आपण जागे आहोत असे समजून ती झोपली आहे, आणि आपण जागेच आहोत. आपल्याकडे पाहून कोणी डोळे मिटले, तर त्याचा विश्वास खरा ठरवणे, यालाच सत्य म्हणतात. त्या जन्मी मी सत्याची पारमिता, म्हणजे त्याचे पूर्ण व्रत, पाळली."