पाडव्याची अंडी दिवाळीला

राजे रायाजीरावांनी उकडलेलं अंडं फोडलं आणि भरल्या पंगतीतले सरदार नाकाला उपरणी लावून उठले!

अंडं नासकं निघालं होतं. तेही कधी, तर नवा जावई पहिल्यांदाच सोनकडा गडावर जेवायला आला होता तेव्हा! जावई ताटाला हात न लावता उठला. राजांना ते फार लागलं.

"कोणाचं अंडं हे?" राजे कडाडले.

कोठीवाला सिदोजी हात झटकायला टपलेलाच होता. "पायथ्याच्या वाडीतल्या धुरपदाचं, महाराज! अंडी तीच देते."

धुरपदाला गडावर आणलं. चढताना बिचारी घाबरली होती, पण आरोप ऐकला आणि तिचा पाराच चढला.

"सरकार, दिली तवा अंडी ताजी हुती! तुमच्या कोठीत पडून पडून नासली. त्याला माजी कोंबडी काय करंल?"

"आमच्या कोठीत?" राजांच्या मिशा थरथरल्या. "आमच्या कोठीत धान्य टिकतं, तूप टिकतं, गूळ टिकतो! मग अंडंच कसं नासतं? खोट तुझ्या कोंबडीतच!"

"अंडं म्हंजी काय जवारी हाय व्हय, सरकार?"

दरबारात कोणीतरी फिसकन हसलं. झालं! राजे आधीच हट्टी, त्यात चारचौघांत हसू झालेलं. त्यांनी वाडीतून त्याच दिवसाची ताजी अंडी पाटीभर मागवली आणि धुरपदापुढे ठेवली.

"आज पाडवा. ही आमची अंडी तू सांभाळायची. दिवाळीला आम्हांला ती ताजी हवीत, आजच्यासारखी! नाही जमलं, तर वाडीतल्या झाडून सगळ्या कोंबड्या आमच्या रश्श्यात!"

धुरपदानं घरी येऊन पाटी ओट्यावर ठेवली. वाडीतल्या बायकांचं मीठमिरची, बांगडी-काकण सगळं कोंबड्यांवर चालायचं. नवऱ्यापुढे हात न पसरता खर्चायचा तेवढाच काय तो हक्काचा पैसा. तो आता तिच्या जिभेपायी बुडणार होता, आणि हे तिचं तिलाच खात होतं.

बायका जमल्या. एक म्हणाली राखेत पुर, दुसरी म्हणाली कोंड्यात ठेव, तिसरी म्हणाली ओल्या वाळूत मडकं गाड.

"अगं, त्यानं चार दिस जास्ती टिकत्याल. दिवाळी कुठली गाठत्याल?" धुरपदा वैतागली आणि पाटी आत न्यायला वळली. तर पाटीवर तांबडी कोंबडी पिसं फुलवून ठाण मांडून बसलेली! खुडूक झाली होती ती. अंडी उबवायला मिळेल तिथे बसत होती. धुरपदानं हात घातला, तशी तिनं करकचून टोच मारली.

धुरपदा हात चोळत राहिली आणि मग एकाएकी हसायला लागली. बायकांना वाटलं, काळजीनं हिचं डोकं फिरलं!

तांबडीच्या पोटाखाली मावली तेवढी अंडी तिनं तिथेच राहू दिली. उरलेली शेजारणींच्या खुडूक कोंबड्यांखाली ठेवली. तीन आठवड्यांत पिल्लं निघाली आणि उन्हाळाभर वाडीत जिकडेतिकडे चिवचिवाट होता.

दिवाळीला धुरपदा गडावर हजर झाली. डोक्यावर पाटीभर अंडी, आणि मागून चार बायांच्या डोक्यावर कोंबड्यांनी भरलेली डालगी. डालगी राजांपुढे उतरली आणि एकच कलकलाट!

राजांनी एक अंडं फोडून पाहिलं. पिवळाधमक बलक! दुसरं फोडलं, तेही तसंच.

"ताजी आहेत," राजे डोळे बारीक करून म्हणाले. "पण ह्या कोंबड्या कशाला?"

"ही तुमची पाडव्याची अंडी, सरकार. आन् त्यांनी दिलेली ही आजची."

"आणि हे कोंबडे?" सिदोजी खेकसला. "हे कुठं अंडी देतात?"

"न्हाई देत. नुसतं तुरा मिरवत्यात आन् वरडत्यात. आसं गडावर कुनीच न्हाई व्हय, दादा?"

बऱ्याच सरदारांना एकदम आपल्या पायांकडे बघावंसं वाटलं.

"गप्प!" राजे गरजले. "ही आमची अंडी नव्हेत! आम्ही दिलेली अंडी कधीच संपली!"

धुरपदानं पदर सावरला. "सरकार, ह्या गादीवर पैल्यांदा कोन बसलं?"

"आमचे पणजोबा!"

"आन् आता ही गादी कुनाची?"

"त्यांचीच! त्यांच्या वंशाची! इतक्या वर्षांत गादीला धक्का लागला नाही!"

"मंग थोरल्या म्हाराजांना कशात घालून टिकवलं, सरकार? राखंत का कोंड्यात?"

सिदोजीनं डोळेच मिटून घेतले.

"बापामागं ल्योक बसला, म्हून गादी टिकली," धुरपदा हात जोडून म्हणाली. "तुमची अंडी मी तशीच टिकवली. ही जर तुमची न्हवंत, तर मंग ह्या गादीवर..." ती थांबली. "जाऊ द्या. फुडचं मी अडानी बाई कशापायी बोलू?"

राजे तिच्याकडे बघतच राहिले. मिशा थरथरल्या, खांदे हलले, आणि त्यांना असं काही हसू फुटलं की पगडी घरंगळून थेट डालग्यावर पडली! कोंबडे ओरडले, सरदार हसले, दिवाळसणाला आलेला जावईसुद्धा पोट धरून हसला.

डोळे पुसत राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून धुरपदाच्या पाटीत ठेवलं. "वाडीच्या एकाही पिसाला कोणी हात लावायचा नाही! आणि आजपासून गडावरची अंडी ह्या बाईच्या ताब्यात. सिदोजी, ती डालगी उचल आणि तुझी कोठी तिच्या कोंबड्यांना रिकामी करून दे!"