कोंडाईच्या तोंडावरच्या रेघा

कातळगडाच्या दुसऱ्या दरवाजापाशी, टांकसाळीच्या पडक्या जोत्याला लागून, खडकात एका बाईचा चेहरा आहे. उठावाचा नव्हे, आत खोदलेला. नाकाच्या जागी खळगा. त्यावर इतके ओरखडे आहेत की पाहुण्यांना वाटतं, कुणीतरी विटंबना केली. तसं नाही. आमच्या गावातली म्हातारी मंडळी ही गोष्ट राणीच्या पश्चात्तापावर आणून संपवतात. त्या पश्चात्तापाला पुरावा काहीच नाही, म्हणून मी तो गाळते.

असं सांगतात की हैबतराव गडाचे धनी असताना गडाला नऊ महिने वेढा पडला. राणी सगुणाबाईंनी अंगावरचा एकूण एक दागिना, नथसुद्धा, विकून चोरवाटेने धान्य आणवलं. पाणी मात्र एकाच टाक्यात उरलं होतं. त्या टाक्यावर कोंडाई नावाची पाणक्याची विधवा उन्हातान्हात बसे आणि माणशी एक तांब्या देई. राणीची दासी दुसरा तांब्या मागायला गेली, तेव्हा कोंडाई म्हणाली, "का गं, राणीसाहेबांना दोन तोंडं आहेत का?"

सगळी रांग हसली. ते हसू सगुणाबाईंच्या कानावर गेलं आणि तिथेच राहिलं.

वेढा उठला. जुनी नाणी वितळवून तोफेचे गोळे ओतले होते, म्हणून हैबतरावांनी तांब्याचा नवा पैसा पाडायचं ठरवलं. त्यावर गड वाचवणाऱ्याचा मुखडा घालायचा, असं सदरेवर जाहीर केलं. झालं! कारभाऱ्यांनी आपल्या आजोबांचं नाव सुचवलं. किल्लेदारांनी आपल्या आजोबांचं. उपाध्यांचे आजोबा तर वेढ्याच्या साठ वर्षं आधीच वारले होते, पण त्यांच्या पुण्याईनेच गड टिकला, म्हणे. वडीलधाऱ्यांना निवड करायला बसवलं की दुसरं काय होणार? शेवटी हैबतराव वैतागून दरवाजात जमलेल्या लोकांकडे वळले. लोकांनी एकच नाव घेतलं. कोंडाई.

चिकाच्या पडद्याआड सगुणाबाई दागिन्यांविना मोकळ्या कानांनी बसल्या होत्या. आपलंच नाव येणार म्हणून त्यांनी पदरही सारखा केला होता.

"सोनं माझं खाल्लंत," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आणि तोंड तिचं?"

"तुमचं सोनं चोरवाटेने गेलं. कुणी पाहिलं? पाणी चारचौघांत वाटलं गेलं," हैबतराव म्हणाले.



नारोशेट सोनाराने पोलादी ठशात कोंडाईचा चेहरा खोदला. पैसा पाडायच्या सकाळी तो आंघोळीला गेला असताना सगुणाबाई टांकसाळीत शिरल्या. ठशाला अजून पाणी पाजलेलं नव्हतं, पोलाद मऊ होतं. त्यांनी नारोशेटचीच छिन्नी उचलली आणि कपाळावर, गालांवर, डोळ्यांच्या कडांना सपासप रेघा ओढल्या. नारोशेट परतला. त्याने ठसा पाहिला, राणीच्या हातातली छिन्नी पाहिली, आणि ठसा तापवून पाण्यात बुडवला.

ठशात जे खोल, ते नाण्यावर उंच. हे सोनाराच्या मांजरालाही ठाऊक असतं. राणीला कोण सांगणार?

पहिल्या पैशावर घण बसला आणि एकेक रेघ वर उठून आली. नारोशेटने कोरलेली बाई देवीसारखी गुळगुळीत होती. आता तिच्या कपाळाला आठ्या होत्या, गालांना सुरकुत्या होत्या, नऊ महिन्यांचं ऊन होतं. लोक ओरडले, "ही तर खरीच कोंडाई!" खुद्द कोंडाईने पैसा डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "अगं बाई! एवढी थेरडी दिसते होय मी?"

"मोडा तो ठसा," सगुणाबाई म्हणाल्या.

"का बरं? हुबेहूब तर झालाय," हैबतराव म्हणाले.

नारोशेटने मुजरा केला. "चेहरा माझ्या हातचा, राणीसाहेब. त्यात जीव आला तो तुमच्या हाताने."

त्यानंतर तीस वर्षं सगुणाबाईंनी पैशाला बोट लावलं नाही, असं म्हणतात. पुढे ठसा झिजला आणि पैसा बंद झाला, तेव्हा लोकांनी नारोशेटच्या मुलाकडून तोच चेहरा खडकात खोदून घेतला. तो पाहायला म्हाताऱ्या सगुणाबाई काठी टेकत आल्या. लोखंडी खिळा काढून त्यांनी त्यावर एक रेघ ओढली. रेघ ओढली की काय होतं, हे तेव्हा त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी ओढली.

आजही गावातली बाई एखादीवर जळू लागली, मग ती जाऊ असो, नणंद असो वा वर्गातली मैत्रीण, की जळणारी खिळा घेऊन इथे येते आणि एक रेघ ओढते. मग भाकरीच्या पिठाचा गोळा खडकात दाबून काढते, आपली रेघ उठलेली बघते, आणि त्याच पिठाची भाकरी थापून तिला वाढते, जिच्यावर जळते. वाढणारी सांगत नाही, खाणारी विचारत नाही. दाताखाली कातळाची बारीक कच आली की समजायचं.

माझ्या ताटात अशी भाकरी आजवर दोनदा आली. दोन्ही वेळा मी आणखी एक मागून घेतली.