योरला हवी होती तांबडी खूण

फार फार पूर्वी, म्हणजे इंग्रजी शब्दकोशातल्या ‘योर’ या जुन्या शब्दाचा जो अर्थ आहे त्या काळी, घाटपांडेबाई वर्गात त्या कोशात शोधलेल्या प्रत्येक शब्दाशेजारी तांबड्या पेन्सिलीने खूण करीत. ‘यंग’ या शब्दापाशी सतरा खुणा होत्या. त्याच पानावरच्या योरपाशी एकही नव्हती.

योरचा नुसता जळफळाट होई. शेवटी तो पुस्तकं खाणाऱ्या कसरीला म्हणाला, “त्या यंगला खाऊन टाक. मग तरी माझ्याकडे बघतील.”

“माझं तोंड ओळ बघून थांबत नाही हं,” कसर म्हणाली.

“तू खा गं!”

दुसऱ्या दिवशी यंग शोधणाऱ्या मुलीला तिथे भोकच दिसलं. तिचं बोट योरवर सरकलं. बाईंनी पेन्सिल उचलली. योर हरखून गेला.

मुलगी म्हणाली, “बाई, ह्याला अर्थच नाही. भोक इथपर्यंत आलंय.”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.