पुडीचा दोरा

एकदा एक म्हातारा आपल्या शिष्याला घेऊन गळाच्या दुकानात गेला. दुकान धरणाच्या गावातलं. तिथे जाळी मिळत नसे, समुद्राचं सामान मिळत नसे. कटला, रोहू, मृगळ, गोड्या पाण्यातल्या या थोराड माशांना जे लागतं तेवढंच मिळे. एवढ्यासाठी वेगळं दुकान कशाला, असं ज्याला म्हणायचं त्याने म्हणावं. तीस वर्षं ते चाललं होतं आणि शेटचं पोट त्याची साक्ष देत होतं.

म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत. शिष्याचं नाव सोपान. शिष्य म्हणजे कोवळा पोर नव्हे. पंचेचाळिशीचा बाप्या, पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीला, सहा वर्षांपासून दर रविवारी आबांच्या शेजारी बसून गळ टाकायला शिकत होता. हात चांगला होता. डोकं तापट होतं.

त्या दिवशी तर ते जास्तच तापलेलं होतं. सोपानची एकुलती लेक रेवती नर्सिंग शिकली होती आणि तिला दूरच्या शहरात इस्पितळात नोकरी लागली होती. बापाचा नकार होता. लेकीने ऐकलं नाही. परवा जेवताना सोपान ताट सारून उठला आणि बायको, मेव्हणा, शेजारीण सगळ्यांसमोर म्हणाला, "उंबरा ओलांडलास तर मी स्टँडवर यायचा नाही. आणि परत आलीस तर हे दार उघडायचं नाही. माझा शब्द आहे." रेवतीची गाडी आज साडेपाचची होती. घरात बॅग भरली जात होती, म्हणून हा सकाळीच गळाची काठी घेऊन बाहेर पडला होता. वाटेत त्याने आबांना सगळं सांगितलं, तेही छाती काढून.

दुकानात चाऱ्याच्या बरण्या ओळीने मांडलेल्या. भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, शेंगदाण्याची पेंड, मोहाची फुलं, मेथी. आबांनी एकेका बरणीत नाक घातलं, चिमूटभर पेंड जिभेवर ठेवून बघितली आणि थुंकली.

"शेट, ही मागच्या सालची."

"आबा, दिवाळीनंतरची आहे!"

"कुठल्या दिवाळीनंतरची?"

शेटने गपचूप खालचं पोतं उघडलं. मग आबांनी चारा घेतला, गळ घेतले, चांगली जाड तंगूस, म्हणजे गळाची पारदर्शक दोरी, घेतली. बोटावर गुंडाळून, दातात धरून, ओढून पारखून घेतली. आणि म्हणाले, "शिशाची वजनं द्या. बारा."

"बारा? काठ्या दोन!"

"तळ्यात पेरायची आहेत. आणि तो दोरा द्या."

"कुठला?"

आबांनी गल्ल्याशेजारचं रीळ दाखवलं. शेट ज्याने चाऱ्याच्या पुड्या बांधत असे तो सुती दोरा. खिडकीतल्या उन्हाने पिवळा पडलेला. जरा हिसका दिला की तुटणारा.

शेटचा चेहरा पडला. "आबा, तो विकायचा नाही. पुड्या बांधायचा आहे."

"म्हणूनच मागतोय. वजन बांधायला."

"माझ्या दुकानातून माल नेऊन कटल्याला पुडीच्या दोऱ्याने धरणार? उद्या लोक म्हणतील, शेटने कुजका माल गळ्यात मारला!"

"लोकांना तोंड आहे. म्हणू दे."

शेटने चिडून चार हात दोरा तोडून दिला, पैसे घेतले नाहीत. आबा पिशवी घेऊन पायरी उतरले तसा तो सोपानच्या कानाला लागला. "म्हातारा वयाने गेलाय. पण तुझं काय? ही विणलेली नायलॉनची दोरी घे. हिच्याने म्हैस बांधली तरी तुटायची नाही." सोपानला पटलं. तुटणाऱ्या गोष्टींचा त्याला त्या दिवशी भारी राग होता. त्याने दोरी घेऊन खिशात कोंबली.

धरण बांधलं तेव्हा बाभळीचं एक बन पाण्याखाली गेलं होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या खोडांची डोकी वर दिसत. थोर कटला तिथेच राही. आबा काठावर बसले, तंगुशीला गळ आणि चारा लावला, आणि वजन मात्र त्या कुजक्या दोऱ्याने टांगलं. "तूही तसंच बांध," म्हणाले. सोपानने पाठ फिरवली आणि म्हशीच्या दोरीने बांधलं. वर गाठीवर चारा थापला, म्हणजे दिसायला नको.

दुपारपर्यंत आबांचं वजन तीनदा खोडात अडकलं. तीनदा आबांनी काठीला हलका हिसका दिला, कट्कन दोरा तुटला, वजन तळाला राहिलं, बाकी सगळं शाबूत हातात आलं. आबा पुटपुटत नवं वजन बांधत. सोपान मनात हसत होता आणि घड्याळ बघत होता. दोन वाजले. अडीच. साडेतीन. आता रेवती जेवली असेल. आता आई तिच्या डब्यात चपात्या भरत असेल. आपल्याला काय त्याचं, असं तो स्वतःला बजावत होता आणि परत मनगटाकडे बघत होता.

"घड्याळ बिघडलंय का रे?" आबांनी विचारलं.

"नाही."

"मग सारखं त्याला काय विचारतोस?"

सोपान उत्तर देणार तोच त्याची काठी कमानीसारखी वाकली.

त्याने आयुष्यात असा ओढा अनुभवला नव्हता. काठीवरचं रीळ किंचाळलं. तंगूस पाणी कापत बाभळींकडे निघाली. हिरवट पाठ एकदाच वर आली, पाटाएवढी रुंद, आणि बुडाली. मग एकदम सगळं थांबलं. काठी वाकलेली, तंगूस ताठ, आणि हलत काहीच नव्हतं.

"वजन अडकलं!" आबा ओरडले. "हिसका दे! दोरा तुटेल, मासा तुझा!"

सोपानने हिसका दिला. दुसरा दिला. तुटणार नाही हे त्या दोघांपैकी एकट्या त्यालाच ठाऊक होतं, आणि ते तोंडातून निघत नव्हतं. मासा एका अंगाला ओढत होता, खोडाने वजन आवळून धरलं होतं, आणि हा मधे. तो चिडला. काठी पोटाला टेकवून त्याने अंगातला सगळा जोर लावला.

तुटली ती तंगूस. अगदी काठीच्या शेंड्याजवळ, गोळी सुटल्यासारखा आवाज करून. सोपान पाठीवर पडला.

"गेला," तो म्हणाला.

"कुठे गेलाय? तो बघ."

बाभळीच्या खोडाशी पाणी ढवळत होतं. थांबत होतं, परत ढवळत होतं. गळ माशाच्या तोंडात, वजन खोडात, आणि दोघांच्या मधे न तुटणारी दोरी. मासा ना काठावर होता, ना पाण्याचा राहिला होता.

आबांनी शिष्याकडे बघितलं. "कशाने बांधलं होतंस?"

सोपानने खिशातून उरलेली दोरी काढून दाखवली.

आबा शिव्या देतील असं त्याला वाटलं. त्यांनी कमरेचा विळा काढून पुढे केला. "जा. कापून ये. तुझ्या गाठीने तो मरायला नको."

"आबा, चार वाजत आले..."

"मग? तुला कुठे जायचंय?"

सोपानने विळा घेतला. तो पाण्यात शिरला. गुडघा, कंबर, छाती. पायाखाली गाळ आणि काटे. खोड चाचपत चाचपत त्याला दोरी सापडली, आणि दोरीच्या टोकाला जे होतं ते त्याच्या मांडीवर येऊन आपटलं. केवढी ताकद, आणि केवढी भीती. त्याने दोरी मुठीत आवळून विळा चालवला. म्हशीची दोरी ती, एका घावात कसली तुटते. तळहात कापला गेला. तिसऱ्या घावाला दोरी सुटली, मासा एकदा त्याच्या पोटाला घासून गेला आणि पाणी शांत झालं.

तो काठावर येऊन बसला. हातातून रक्त येत होतं. आबांनी आपला पंचा फाडून पट्टी बांधली.

"गळ आठ दिवसांत गंजून पडेल. जगेल तो," आबा म्हणाले. मग त्यांनी गाठ मारता मारता सांगितलं, "सोपान, ओढाताण सुरू झाली की काहीतरी तुटणारच. ते कुणालाच चुकत नाही. शहाण्याने एवढंच करायचं, काय तुटावं ते आधी ठरवून ठेवायचं, आणि ते स्वस्तातलं ठेवायचं. मी शिसं ठरवतो. गेलं तर गेलं. तू सगळंच मजबूत बांधलंस. मग जे तुटायला नको तेच तुटलं, आणि मासा मधल्यामधे लटकला."

आबांनी पट्टीची गाठ आवळली.

"तळ्यातलं जाऊ दे. घरी कुठे बांधलायस पुडीचा दोरा?"

सोपान पायातले काटे काढू लागला.

"शब्द दिलाय म्हणालास. चार माणसांसमोर. जड आहे, कबूल. पण लेका, ते शिसं आहे. तुटलं तर मेव्हणा दोन दिवस हसेल. ते तुटलं नाही तर काय तुटेल, ते तू आत्ता पाण्यात हाताने चाचपून आलायस."

मग सोपान उठला. काठी तिथेच टाकून, ओल्या कपड्यांनिशी, बांधावरून धावत सुटला. आबांनी दोन्ही काठ्या उचलल्या आणि चारा पुडीत बांधला.

तो स्टँडवर पोचला तेव्हा गाडी सुरू झालेली होती आणि कंडक्टर दार ओढत होता. रेवती खिडकीशी होती. बापाला बघून तिचा चेहरा आधी घाबरला. आता इथे सगळ्यांसमोर तमाशा होणार, असंच तिला वाटलं असणार. तिची आई खाली उभी होती, तीही पुढे झाली.

"अप्पा, तुम्ही येणार नव्हतात."

"हो. म्हणालो होतो खरं."

"हाताला काय झालं?"

"काही नाही. गळ टाकत होतो."

गाडी हलायला लागली. सोपान तिच्यासोबत चालू लागला. त्याने सदरा वर करून कडदोऱ्याला बांधलेली घराची किल्ली हिसका देऊन ओढून घेतली आणि खिडकीतून लेकीच्या हातात कोंबली.

"अवेळच्या गाडीने आलीस तर कडी वाजवत बसू नकोस," तो म्हणाला.

रेवतीने मूठ मिटली. गाडी फाटकाबाहेर पडली.

पुढच्या रविवारी दोघे परत दुकानात गेले. सोपानने गल्ल्याशेजारचं रीळ मागितलं. शेटने कपाळावर हात मारला. "आता हाही! अख्खं रीळच न्या एकदाचं!"

आबा वजनं निवडत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "मागल्या खेपेला माझी तीन गेली. तुझी किती रे?"

"एकच, आबा."

"जड होतं?"

"होतं."

"जाऊ दे," आबा म्हणाले. "शेटकडे ढीग पडलाय."