गाठींची दोरी

ज्याला खरं ठाऊक असतं, तोच गप्प का बसतो? हे मी म्हाताऱ्यांना विचारलं, शहाण्यांना विचारलं, देवळातल्या दगडालाही विचारलं. उत्तर कुणीच दिलं नाही. म्हणून ही गोष्ट सांगतो. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जास्त ऐकावी.

फार जुन्या काळी एका उंच गडावर एक राज्य होतं. तिथला प्रधान वारला. राजा थकलेला होता. तो म्हणाला, "पेठेतला तेलाचा व्यापारी आजवर कधी बुडाला नाही. त्याच्या हाती राज्यही बुडणार नाही." असा तो व्यापारी प्रधान झाला. त्यानं पेठेतल्या एका मित्राला किल्लेदार केलं आणि दुसऱ्याला कोठारावर नेमलं.

प्रधान दुष्ट नव्हता. त्याच्या तराजूत कधी खोट निघाली नव्हती. फक्त दुकानातली एक रीत तो सोबत गडावर घेऊन आला. दुकानात 'नाही' आणि 'संपलं' हे शब्द उच्चारायचे नाहीत. रांजणाचा तळ खरवडला गेला, तरी गिऱ्हाईकाला सांगायचं, "भरपूर आहे, उद्या या." अभद्र बोललं की लक्ष्मी रुसते, असं तो मनापासून मानायचा.

"आजपासून दरबारातही हीच रीत," त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. "जो अभद्र बोलेल, तो बायकापोरांसकट गडाबाहेर."

आठवडाभरानं पागेचा म्हातारा, एकटाच राहणारा रखवालदार हात जोडून म्हणाला, "सरकार, घोड्यांची चंदी संपली."

त्याला भरदुपारी दरवाज्याबाहेर काढलं. मागं दरवाजा लागला. खाली वाघांचं रान होतं. तिसऱ्या दिवशी गुराख्यांना झुडपात त्याचं पागोटं सापडलं. बाकी काही सापडलं नाही.

त्या दिवसापासून गडाची जीभ आखडली. बायका नवऱ्याला म्हणायच्या, "मीठ भरपूर आहे हो, तेवढं शेजारून वाटीभर घेऊन या." एखादं पोर "दूध संपलं" म्हणालं, की आई त्याच्या तोंडावर हात दाबायची आणि दाराकडे बघायची.

गडावर पाण्याचं एकच टाकं होतं. खडकात खोल कोरलेलं, आत अंधार, तोंडाला कुलूप. दोन भाऊ त्याची राखण करायचे. थोरल्याला बायको होती, चार वर्षांची मुलगी होती. धाकटा एकटाच, तापट, जे पोटात ते ओठात. दोघं रोज दहा गाठींची दोरी टाक्यात सोडायचे. जितक्या गाठी ओल्या, तितकं पाणी.

त्या उन्हाळ्यात टाक्याचा तळ कुठंतरी तडकला. एके दिवशी आठ गाठी ओल्या निघाल्या. पुढच्या आठवड्यात पाच. मग तीन.

आणि तेव्हाच बातमी आली, की शत्रूची फौज चार दिवसांच्या वाटेवर आहे.

"दादा, मी जाऊन सांगतो," धाकटा म्हणाला.

"काय सांगशील?"

"पाणी संपत आलंय म्हणून!"

"हळू बोल! तू एकटा जीव. माझ्या मागं तुझी वहिनी आहे, पोर आहे. ते पागोटं विसरलास?"

"मग काय गप्प बसायचं?"

थोरला दोरीच्या ओल्या गाठी चाचपत राहिला. मग म्हणाला, "प्रधान व्यापारी माणूस आहे. मी 'भरपूर आहे' म्हणेन. जन्मभर त्यानं हेच शब्द वापरले. त्याला कळेल."

दरबार भरला. मागच्या दिंडीनं, म्हणजे शत्रूला ठाऊक नसलेल्या छोट्या दरवाज्यानं, घळीत उतरून सगळ्यांनी मित्रराज्यात जायचं, की दरवाजे लावून गड लढवायचा, एवढंच ठरायचं होतं. प्रधानानं विचारलं, "टाक्यात पाणी किती?"

थोरला पुढं झाला. "भरपूर आहे, सरकार."

धाकट्यानं तोंड उघडलं. थोरल्यानं त्याचं मनगट घट्ट धरलं. आणि धाकटाही गप्प बसला.

प्रधान खूश झाला. आयुष्यभर तो हे वाक्य गिऱ्हाइकांना ऐकवत आला होता. आता ते त्याला कुणीतरी ऐकवलं, तेव्हा त्यानं ते खरं मानलं. दरवाजे लागले. मागची दिंडी दगडचुन्यानं बुजवली.

शत्रूनं वेढा दिला, तेव्हा प्रधान हसून म्हणाला, "दुकानाच्या दारात मूठभर गूळ सांडून ठेवला, की लोकांना वाटतं, माल उतू चाललाय. शंभर घागरी पाणी तटावरून ओता. बघू देत त्यांना."

दोघा भावांनी त्या शंभर घागरी भरून दिल्या. भरताना थोरला सारखा टाक्यात डोकावत होता, आणि निम्मं पाणी त्याच्याच पायांवर सांडलं. ते तरी कुणी प्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दोरी कोरडी वर आली.

मग घराघरातल्या घागरीही आटल्या. आधी थोरल्याची मुलगी गेली. मग तिची आई. आपल्या वाटणीचा शेवटचा घोट थोरल्यानं त्या दोघींना कधीच पाजला होता. त्याची जीभ सुजली होती. प्रधान धावत टाक्यावर आला आणि आत वाकून बघितलं. खाली नुसता चिखल.

"तू भरपूर म्हणाला होतास!"

थोरला कसाबसा पुटपुटला, "सरकार, तुमचं गिऱ्हाईक ते ऐकून दुसऱ्या दुकानात जायचं. आम्ही कुठं जायचं होतं?"

प्रधान टाक्याच्या काठावर बसला. थोरल्यानं तिथंच मान टाकली.

धाकट्यानं दोरी उचलली. तो नगारखान्यावर चढला आणि कोरड्या गाठी उंच धरून सगळ्या गडाला ऐकू जाईल असा ओरडला, "पाणी संपलं! संपलं! पाणी नाही!"

कुणी त्याला धरायला आलं नाही. लोक पहारी घेऊन दिंडीकडे धावले. चिणलेले दगड उपसले आणि जे चालू शकत होते, ते राजाला पाठीवर घेऊन घळीत उतरले. गड गेला. प्रधान मागंच राहिला, टाक्याच्या तोंडाशी. तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

खाली झरा होता. सगळे त्यात तोंड घालून प्यायले. धाकटा प्यायला नाही. त्यानं लोटा भरला आणि रात्रीच्या अंधारात तो एकटाच त्याच दिंडीनं पुन्हा गड चढून गेला. पोरीच्या, वहिनीच्या आणि दादाच्या तोंडात त्यानं एकेक चूळ पाणी घातलं. उरलेलं पाणी टाक्यात ओतलं.

बोध एवढाच: ज्या राज्यात 'नाही' म्हणायची भीती वाटते, तिथं सगळं भरपूर असतं आणि माणसं तहानेनं मरतात.